शाल विणून झाली, पुढे काय?

चर्चमधील स्वयंसेवक आणि त्यांनी हाताने केलेल्या भेटवस्तू या विषयावर या खेपेस बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ त्यातच सापडते.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये तीन वर्षांपासून विणकामाचा गट चालतो. आम्ही शाली, टोप्या, मोजे विणतो आणि वर्षातून दोनदा खोक्यांत भरून संस्थांकडे पाठवतो. वस्तूंची संख्या दर वर्षी वाढते आहे. तरीही मंडळी एकमेकांच्या जवळ आली, असे काही दिसत नाही. उपासना संपली की माणसे पूर्वीसारखीच आपापल्या वाटेने जातात. माणसे जोडण्यासाठीच हा गट काढला होता. आमचे चुकते कुठे?

उत्तर : आपल्या पत्रात वस्तूंच्या संख्येचा उल्लेख आहे, खोक्यांचा आहे, संस्थांचाही आहे, ज्याच्या अंगावर ती शाल पडली अशा एकाही माणसाचा मात्र नाही. चूक शोधायची असेल, तर ती मला येथे दिसते. आपल्या गटातून वस्तू बाहेर जातात. त्यांच्यासोबत माणूस जात नाही आणि त्यांच्या बदल्यात कोणी आत येत नाही.

अशा गटांना ज्या स्त्रीचे उदाहरण नेहमी दिले जाते ती यापो येथील टबीथा, म्हणजेच दुर्कस. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात तिची हकिकत आहे. 19व्या शतकात गरजूंसाठी कपडे शिवणाऱ्या चर्चमधील स्त्रियांच्या मंडळांना दुर्कसचेच नाव दिले जाई. तिने अंगरखे आणि वस्त्रे शिवली, एवढे सर्वांच्या लक्षात राहते. मला त्या हकिकतीतला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. ती मरण पावल्यावर येशूचा शिष्य पेत्र येतो, तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि ती त्यांच्यात असताना तिने केलेले कपडे त्याला दाखवतात. कोणता कपडा कोणी शिवला हे त्या बायकांना ठाऊक होते. शिवणारी त्यांच्यात राहत होती, त्यांची मापे तिच्या डोळ्यांसमोर होती. आपण खोक्यातून पाठवलेली टोपी घालणाऱ्याला असे काही सांगता येईल का, हे एकदा गटात बसून विचारावे.

याचा अर्थ दूरच्या संस्थांना काही पाठवूच नये, असा नाही. संकटात सापडलेल्यांना पांघरूण मिळणे हे स्वतंत्रपणे मोलाचे काम आहे आणि ते शिस्तीनेच करावे लागते. 'लुथरन वर्ल्ड रिलीफ' ही संस्था गोधड्या स्वीकारते, तेव्हा 60 बाय 80 इंच असे माप ठरवून देते, कारण गठ्ठे बांधणे, वाहून नेणे आणि मोठ्या माणसाला पुरेसे पांघरूण होणे हे सगळे त्या मापावर अवलंबून असते. तेथे शिवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही आणि दिसण्याची गरजही नाही. मात्र हे मदतकार्य झाले. माणसे जोडण्याचे काम त्याहून निराळे आहे; त्याची पद्धत निराळी आणि त्याचा हिशेबही निराळा. आपण एकाच खोक्यातून दोन्ही साधू पाहत आहात.

जोडण्याचे काम दोन ठिकाणी होते : विणायला बसतो त्या जागी आणि वस्तू हातात देतो त्या क्षणी. पहिल्या जागेविषयी आधी लिहिते. लोकरीची लडी उलगडून तिचा गुंडा करताना दोन माणसे लागतात. एकजण दोन्ही हात पुढे धरून बसतो, लडी त्याच्या मनगटांवर असते, आणि दुसरा धागा ओढत गुंडाळत जातो. हात अडकलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, फोन पाहता येत नाही, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याची सक्तीही नसते, कारण दोघांची नजर धाग्यावर असते. मध्येच बोलणे थांबले तरी अवघडल्यासारखे होत नाही. मी अशा वेळी माणसांना, एरवी वर्षभर जे बोलले नसते, ते सहज बोलून जाताना ऐकले आहे. गुंडे तयार विकत आणून, घरोघरी वाटून, विणलेला माल महिन्याच्या शेवटी गोळा करणाऱ्या गटाला ही अर्ध्या तासाची संधी मिळतच नाही. आपला गट तसे करत असेल, तर तेथूनच बदल करावा.

नमुनाही असा निवडावा की विणताना बोलता येईल. 1998 साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो या दोघींनी प्रार्थना-शालीचा उपक्रम सुरू केला. हार्टफर्ड सेमिनरीच्या स्त्रीनेतृत्व अभ्यासक्रमात त्या दोघी शिकल्या होत्या. त्या उपक्रमाचा मूळ नमुना तीन सुलट, तीन उलट एवढाच आहे. तीन या आकड्याचा त्रैक्याशी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याशी, संबंध उघडच आहे. पण त्यात एक व्यवहारी शहाणपणही आहे. 57 टाके घातले की प्रत्येक ओळ तीन सुलट टाक्यांनी सुरू होते आणि तीन सुलट टाक्यांनीच संपते. त्यामुळे आपण कितव्या ओळीवर आहोत हे लक्षात ठेवावे लागत नाही, कागद समोर ठेवावा लागत नाही, आणि नवख्या माणसालाही शेजारणीच्या बोलण्याकडे कान देता येतो. नक्षीदार जाळीची शाल देखणी होते, यात वाद नाही; फक्त ती विणताना खोलीत सगळे मनात टाके मोजत बसतात.

आता दुसरी जागा. शाल कोणासाठी आहे, हे टाके घालण्यापूर्वी ठरवून पाहा. नुकताच जोडीदार गमावलेले कोणी, बाळंतपण झालेली कोणी, घराबाहेर पडणे बंद झालेले कोणी, नव्याने राहायला आलेले कुटुंब, अशी एकेक व्यक्ती पाळकांना विचारून निश्चित करावी आणि विणणाऱ्यांपैकी एकीने आधीच जाऊन रंग विचारून यावा. ही पहिली भेट झाली. शाल अर्धी झाल्यावर लांबी पुरेल का ते पाहायला पुन्हा जावे, ही दुसरी. पूर्ण झाल्यावर दोघांनी मिळून ती पोहोचवावी, थोडा वेळ बसावे, फोटो काढू नये. म्हणजे एका शालीत तीन भेटी झाल्या. वर्षाअखेरीस वस्तू किती झाल्या याऐवजी भेटी किती झाल्या, एवढेच वहीत लिहावे. संख्या निश्चित घटेल आणि गटातील काहींना ते खटकेल, याची तयारी मात्र ठेवावी लागेल.

आणखी एक गोष्ट, जी गट सहसा विसरतात. केवळ घेत राहणे कोणालाही जड जाते. जिला शाल मिळाली तिला पुढच्या गोधडीसाठी एक चौकोन विणायला सांगावे, जुने कपडे कापून पट्ट्या करून मागाव्यात, निदान पुढच्या शालीचा रंग तिला निवडू द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही लोकरीचे गुंडे करता येतात. ज्या दिवशी घेणाऱ्यांपैकी कोणी विणणाऱ्यांच्या टेबलाशी येऊन बसेल, त्या दिवशी आपल्या मूळ हेतूला सुरुवात झाली असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या गटात एक वयोवृद्ध भगिनी आहेत. पूर्वी त्यांचा हात फार सफाईदार होता. आता टाके सुटतात, कडा वाकड्या होतात. त्यांची शाल द्यायला इतरांना संकोच वाटतो. त्यांना न सांगता उसवून पुन्हा विणावे का?

उत्तर : न सांगता उसवू नये. आपण विणलेल्या कामाची नक्षी विणणारा विसरत नाही. त्यांना ते एका नजरेत कळेल आणि त्या पुढच्या आठवड्यापासून काही ना काही कारण सांगून येणे बंद करतील.

दोष कोणता आहे, त्यावर पुढचे ठरते. कडा वाकडी आहे, एका ओळीत टाका जास्त आहे, अशा दोषांना हातही लावू नये. सुटलेल्या टाक्याची गोष्ट वेगळी, कारण तो खालपर्यंत ओघळत जातो आणि पहिल्या दोन धुण्यांत शालीला भोक पडते. तो टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर उचलून आणता येतो किंवा मागून त्याच रंगाच्या धाग्याने बांधून टाकता येतो. हे काम त्यांच्यासमोर, त्यांच्याच शेजारी बसून करावे. गटात प्रत्येकाच्या वस्तूवर शेवटी दुसऱ्या कोणाची नजर फिरेल, असा नियम सर्वांसाठी केला, तर त्यांना एकटीला वेगळे काढल्यासारखे होणार नाही. नजर कमी झाली असेल, तर जाड लोकर, फिकट रंग आणि मोठ्या सुया यांनी बराच फरक पडतो. काळ्या आणि गर्द निळ्या लोकरीत तर चांगली दृष्टी असलेल्यांनाही टाका दिसत नाही.

प्रश्न : रुग्णालयातील नवजात बालकांसाठी टोप्या, मोजे आणि पांघरुणे करण्याचा आमचा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी? क्रोशाचे छोटे ऑक्टोपसही करावेत का?

उत्तर : सुई हातात घेण्यापूर्वी रुग्णालयाच्या परिचारिका विभागाला विचारावे. काही ठिकाणी बाहेरच्या वस्तू घेत नाहीत, काही ठिकाणी फक्त सुती चालते, काही ठिकाणी विशिष्ट मापेच लागतात. न विचारता पन्नास टोप्या घेऊन दारात उभे राहिले, की परिचारिकांना नाही म्हणणे कठीण होते आणि त्या टोप्या कपाटात पडून राहतात.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर असतो आणि विणकाम ताणले जाते, म्हणून टोपीचा घेर त्याहून थोडा कमी ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची मापे फार वेगवेगळी असल्याने ती रुग्णालयाकडूनच घ्यावीत. बटणे, मणी, फुंदे, रिबिनी यांपैकी काहीही लावू नये. सुटलेले बटण बाळाच्या तोंडात जायला क्षण पुरतो. मोज्यांची आणि हातमोज्यांची आतली बाजू उलटी करून पाहावी. दोन रंगांत विणताना मागे लोंबणारे धागे राहतात, आणि असा एक धागा इवल्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह थांबू शकतो. बाळ रडत राहते आणि मोजा काढून पाहीपर्यंत कारण कळत नाही. म्हणून बाळांसाठी एकच रंग आणि घट्ट वीण. जाळीच्या पांघरुणाच्या भोकांतही बोटे अडकतात.

पांघरुणांबाबत एक सूचना कागदावर लिहून सोबत द्यावी. पहिल्या वर्षात बाळ झोपलेले असताना पाळण्यात सुटे पांघरूण, उशी किंवा मऊ खेळणे ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपीही नसावी, कारण त्याचे अंग तापते. तेव्हा विणलेले पांघरूण बाळ मांडीवर असताना, मोठ्यांच्या नजरेसमोर वापरायचे. ही सूचना दिल्याने भेटीची किंमत कमी होत नाही.

क्रोशाच्या छोट्या ऑक्टोपसविषयीही आपण विचारले आहे. हा उपक्रम 2013 साली डेन्मार्कमध्ये सुरू झाला. बाळाने नळ्या आणि तारा ओढण्याऐवजी ऑक्टोपसचे गुंडाळलेले पाय मुठीत धरावेत, ही त्यामागची कल्पना. शुद्ध सुती धागा, 60 अंशांच्या पाण्यात धुता येणे, आणि ताणल्यावरही पाय 22 सेंटीमीटरपेक्षा लांब न होणे, असे त्याचे कडक नियम आहेत. रुग्णालयाने मागितला तरच करावा आणि त्याने प्रकृती सुधारते, असा दावा चिठ्ठीत कधीही लिहू नये.

प्रश्न : आम्ही प्रत्येक शालीवर प्रार्थना करतो आणि सोबत बायबलमधील वचनाची चिठ्ठी जोडतो. काही शाली इतर धर्मांच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या शेजाऱ्यांना जातात. चिठ्ठी काढून टाकावी का?

उत्तर : विचारून घ्यावे. 1992 साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे एका चर्चमधून गोधड्यांचा असाच एक उपक्रम सुरू झाला. त्यात गोधडीच्या धाग्यांना गाठ मारताना प्रत्येक जण प्रार्थना करतो. तेथे असा दंडक आहे की, जिच्यासाठी गोधडी करायची त्या व्यक्तीने आपल्यासाठी प्रार्थना केलेली चालेल, असे आधी सांगितले पाहिजे. मला हा नियम फार सभ्य वाटतो. आजारी माणूस आधीच पुष्कळ गोष्टींना हो म्हणून थकलेला असतो. एका गोष्टीला नाही म्हणण्याची मुभा त्याला आपण द्यावी.

विणताना मनात काय म्हणावे, हा विणणाऱ्याचा स्वतःचा प्रश्न आहे. चिठ्ठीत काय लिहावे, हा घेणाऱ्याच्या घराचा प्रश्न आहे. समोरच्याने होकार दिला असेल, तर वचन जरूर लिहावे. नसेल, तर विणणाऱ्याचे पहिले नाव, धागा कोणता, धुवावे कसे, आणि स्वतःची एखादी ओळ, एवढे पुरे. माझ्याकडे आजारपणात आलेल्या एका टोपीच्या चिठ्ठीत, 'ही विणली त्या आठवड्यात सारखा पाऊस होता, म्हणून लवकर झाली', असे हाताने लिहिलेले होते. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. छापील चिठ्ठ्याही मला मिळाल्या होत्या. त्यांतले आता काही आठवत नाही.

चर्चला येण्याचे निमंत्रण मात्र शालीसोबत देऊ नये. मग ती भेट राहत नाही, आणि घेणाऱ्याला ते लगेच कळते.

प्रश्न : लोक जुनी लोकर पिशव्या भरभरून आणून देतात. तिच्यावर लेबल नसते. ती वापरावी का?

उत्तर : वापरावी, पण ओळखून. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली धातूचे ताट ठेवून, पेटवून पाहावा. खरी लोकर जळलेल्या केसांसारखा वास देते आणि तिची राख बोटांनी चुरगळते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. सूत कागदासारखे जळते. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की तिच्या तंतूंवरील खवले एकमेकांत अडकून ती आटते आणि घट्ट होते. म्हणून जेथे कपडे यंत्रात गरम पाण्याने धुतले जातात, अशा वृद्धाश्रमाला किंवा रुग्णालयाला ती देऊ नये. तेथे अॅक्रिलिक सोयीचे. त्यावर गरम इस्त्री मात्र फिरवू नये. केमोथेरपी घेणाऱ्यांच्या टोपीसाठी मऊ सुती किंवा मऊ अॅक्रिलिक धागा घ्यावा, कारण केस गेलेल्या डोक्याला खरखरीत लोकर टोचते. टोपीची शिवण आतल्या बाजूला जाड राहू देऊ नये.

धाग्याला कुरतडल्यासारखे तुकडे पडत असतील, तर कसरीची शंका घ्यावी आणि ती पिशवी बाकीच्या लोकरीजवळ ठेवूसुद्धा नये. आणि प्रत्येक पिशवी घेतलीच पाहिजे, असा काही नियम नाही. कपाट भरले की नम्रपणे नको म्हणावे.

प्रश्न : पुरुष आणि तरुण मुले-मुली आमच्या गटाकडे फिरकत नाहीत. काय करावे?

उत्तर : गटाचे नाव 'महिला विणकाम मंडळ' असेल, तर ते फिरकणार नाहीत, हे उघड आहे. विणकाम हा एकच हस्तोद्योग नाही. लाकूड घासून लहान क्रूस किंवा खेळणी करणे, चिठ्ठ्या आणि शुभेच्छापत्रे हाताने लिहिणे, कापडी पिशव्या शिवणे, स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठी हात आत घालून चाळवता येईल असे, फिती आणि वेगवेगळ्या पोतांचे तुकडे घट्ट शिवलेले लोकरीचे नळकांडे करणे, अशी कितीतरी कामे एकाच टेबलावर चालू शकतात. तरुणांना शिकायला बोलावण्यापेक्षा शिकवायला बोलवावे. व्हिडिओ पाहून क्रोशे शिकलेली मुले आता सर्वत्र आहेत आणि त्यांना येणारे नमुने आपल्या ज्येष्ठांना येत नाहीत. सभेची वेळही तपासावी. कामाच्या दिवशी दुपारी भरणाऱ्या बैठकीला नोकरी करणारा माणूस येईल कसा?

प्रश्न : मी चार महिने खपून विणलेली शाल ज्यांना दिली, त्यांनी ती दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली, असे कळले. फार वाईट वाटले. त्यांना विचारावे का?

उत्तर : विचारू नये. वाईट वाटणे स्वाभाविक आहे आणि ते गटातल्या एखाद्या मैत्रिणीपाशी बोलून टाकावे. शाल दिली त्या क्षणी ती त्यांची झाली. ती कोणाला द्यावी हे ठरवणेही त्यांचेच. कदाचित त्यांना आपल्यापेक्षा अधिक थंडी वाजणारे कोणी दिसले असेल, कदाचित रंग आवडला नसेल. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, मग सहज त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि शालीचा विषय काढू नये.